‘स्वातंत्र्य दिलंय ना तुला!’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की स्वातंत्र्य आणि त्याची लिमिट यावर तुमच्या आयुष्यातला एखादा खरा प्रश्न पाठवा. भरपूर पत्रं आणि मेल आले, त्यातले पाच घेतेय. नावं मुद्दाम काढलीत, गावाचं नाव लिहिणाऱ्याला चालणार होतं तिथेच ठेवलंय.

मॅडम, मी कराडची, वय २३, एमएस्सी झालंय. पुण्यात एका लॅबमध्ये जॉब लागलाय पण बाबा नको म्हणतात. ते वाईट नाहीयेत, त्यांनीच शिकवलं, स्कूटी घेऊन दिली. पण दर वेळी एकच वाक्य, ‘तुला एवढं स्वातंत्र्य दिलंय, पण त्याला लिमिट असते.’ बॅग भरून कॉटखाली ठेवलीये, आईला माहितीये, बाबांना नाही. ही लिमिट नक्की कुठे असते आणि ठरवतं कोण?

तुझी जॉइनिंगची तारीख बघून थोडक्यात उत्तर मेलवर आधीच पाठवलंय, इथे सविस्तर लिहिते कारण याच अर्थाची पत्रं अजून बऱ्याच जणींची आहेत.

आधी तो ‘दिलंय’ शब्द बघ. आपल्याकडे घराघरात तो इतक्या सहज बोलला जातो की कोणाला खटकत पण नाही. तुझ्या भावाला कोणी म्हणणार नाही की तुला पुण्याला जायचं स्वातंत्र्य दिलंय, त्याला फक्त विचारतील की रूम बघितली का, डिपॉझिट किती. दिलेली वस्तू परत मागता येते, स्कूटी बाबांनी दिली, उद्या ते चावी काढून घेऊ शकतात. पण २३ वर्षांच्या माणसाने कुठे राहायचं आणि काय काम करायचं हे ठरवायचा हक्क मुळात बाबांच्या खिशात कधी नव्हताच, मग तो त्यांनी काढून तुला दिला असं कसं होईल? राज्यघटनेच्या १९व्या कलमात देशात कुठेही जाऊन राहायचा आणि कुठलाही व्यवसाय करायचा हक्क नागरिकाला आहे, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. आता कोणी म्हणेल घटना सरकारला बांधते, बाबांना नाही, ते बरोबरच आहे, पण १८ पूर्ण झालेल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध घरात अडकवून ठेवायचा अधिकार आईवडिलांनाही कुठल्या कायद्याने दिलेला नाहीये.

आता लिमिट. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’ लिहिलं, त्यात त्याने अगदी साधी कसोटी दिली की मोठ्या, समजत्या माणसाला जबरदस्तीने अडवायचं तर कारण एकच चालेल, त्याच्या वागण्याने दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान होतंय हे. त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याला समजवा, विनवा, वाद घाला, पण हात धरून थांबवू नका. आणि दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, बायकांच्या पारतंत्र्यावर लिहिताना तो म्हणाला की स्वातंत्र्याच्या विरोधात जो उभा राहतो त्याने पुरावा आणायचा. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं तेव्हा मला या एका वाक्यासाठी एक अख्खं लेक्चर लागायचं, कारण आपल्याकडे बरोबर उलटं चालतं, पोरगी रोज सकाळ-संध्याकाळ सिद्ध करत बसते की मी बिघडणार नाही, मी वेळेवर येईन, मी फोन उचलेन, आणि जो अडवतोय त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, हिच्या जाण्याने नुकसान कोणाचं होतंय आणि नक्की काय होतंय ते सांग.

म्हणून तू बाबांना हे विचार, पण भांडून नको. माझ्या अंदाजाने त्यांच्या मनात दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकांत गुंतल्यात. एक म्हणजे काळजी, की रात्री लॅबमधून यायला उशीर झाला तर काय, आजारी पडलीस तर कोण बघणार. ही खरी आहे आणि तिला उत्तर देता येतं, त्यांना घेऊन पुण्याला जा, रूम दाखव, मालकीणबाईंशी गाठ घालून दे, लॅबपासून बस किती वाजेपर्यंत असते ते सोबत बघा. दुसरी म्हणजे ‘लोक काय म्हणतील’. तिला उत्तर नसतं कारण लोकांचं म्हणणं हे नुकसान नाही. शेजारच्या काकूंना तुझं जाणं आवडलं नाही तर त्यांच्या घरातलं काही कमी होत नाही.

आणि तू कराडची म्हणून सांगते, कराडजवळच्या टेंभूत समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर जन्मले, १८५६ मध्ये. मिल आणि त्याच काळातला दुसरा इंग्रज विचारवंत स्पेन्सर यांना वाचून भारावलेला हा माणूस. शिकत असताना त्यांनी आईला पत्र लिहिलं होतं की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करेल अशी आशा ठेवू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकी सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. घरची गरिबी केवढी, आईची आशा केवढी, तरी त्यांनी ते स्पष्ट लिहिलं आणि आईला उद्देशून, प्रेमाने लिहिलं. पुढे सुधारणांबद्दल लिहितात म्हणून पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी स्वतः बघितली, तरी ‘सुधारक’ हे आपलं वर्तमानपत्र चालवणं सोडलं नाही, आणि १८९५ मध्ये गेले तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. तू पण बाबांना एक पत्र लिही. समोर बोललं की आवाज चढतो, दार आपटलं जातं आणि मुद्दा तिथेच राहतो. बॅग कॉटखालून काढून हॉलमध्ये ठेव. लपवून गेलीस तर त्यांना वाटेल पळून गेली, आणि तू तर नोकरीला चाललीयेस.

आम्ही रायगड जिल्ह्यातले. भावाने गावच्या मीटिंगमध्ये देवळाच्या जमाखर्चाचा हिशोब मागितला म्हणून गावकीने आमच्या घराला दीड वर्ष वाळीत टाकलंय. गिरणीवाला दळण घेत नाही, मुलीच्या बारशाला कोणी आलं नाही. चुलतभावाने रात्री आईला दवाखान्यात न्यायला रिक्षा काढली तर त्याला ५,००० रुपये दंड. गावातला एक शिकलेला माणूस मला म्हणाला, तुम्हाला बोलायचं स्वातंत्र्य आहे तसं आम्हाला न बोलायचं आहे. मला काही उत्तर सुचलं नाही. तुम्ही सांगा.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. त्या दळणाच्या डब्याचं तुम्ही लिहिलंय, की आता तालुक्याला पिशवी घेऊन एसटीने जाता आणि पीठ गरम असताना मांडीवर घेऊन परत येता, ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या शिकलेल्या माणसाचं वाक्य ऐकायला बिनतोड वाटतं म्हणून तुम्ही गप्प झालात, पण उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मला तुमच्याशी बोलायचं नाही, मी नाही बोलत, हे माझं स्वातंत्र्य झालं, त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. पण तुमच्या गावात तसं चाललंय का? चुलतभावाला बोलायचं होतं, मदत करायची होती, त्याने रिक्षा काढली, आणि त्याला दंड झाला. म्हणजे न बोलायचं स्वातंत्र्य वगैरे काही नाही, न बोलायची सक्ती आहे, आणि ती फक्त तुमच्यावर नाही, सगळ्या गावावर आहे. त्या माणसाला एवढंच विचारा की उद्या तुमच्या मनात आलं आणि तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन चहा प्यायलात तर तुम्हाला दंड होईल का? होईल म्हणाला तर स्वातंत्र्य त्याच्याकडे पण नाहीये.

मिलने हेच सांगितलं होतं की राजाच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम जास्त खोल जातो, कारण त्यातून पळायला वाट राहत नाही. सरकारने पकडलं तर निदान वकील करता येतो, गिरणीवाल्याने डबा परत केला तर कोणाकडे जायचं?

आता जायला जागा आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे, असा वेगळा कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांकडे करता येते, थेट मॅजिस्ट्रेटकडेही करता येते. कोणत्या तारखेला कोणी काय नाकारलं ते वहीत लिहून ठेवा, चुलतभावाला दंडाची पावती दिली असेल तर ती जपून ठेवा, मीटिंगचा निरोप व्हॉट्सॲपवर आला असेल तर डिलीट करू नका.

यात एक अवघड गाठ आहे ती पण सांगते, कारण तुम्ही विचारी माणूस वाटता. १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, चार विरुद्ध एक अशा मतांनी. धार्मिक कारणासाठी कोणाला पंथाबाहेर काढायचं हे ठरवणं पंथाच्या स्वातंत्र्यात येतं असं बहुमताचं म्हणणं पडलं, सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र विरोधी मत दिलं. तो निकाल आजच्या घटनेच्या समजुतीला धरून आहे का हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेलाय. माझं मत विचाराल तर गटाला स्वातंत्र्य असतं ते त्यातल्या माणसांमुळे. गट म्हणून देवाची पूजा कशी करायची ते ठरवा, पण माणसाचं पाणी, पीठ, रिक्षा आणि खांदा द्यायला येणारे चार जण तोडायचा अधिकार कुठल्याच गटाला असू नये. तुमच्या बाबतीत तर धर्माचा प्रश्नच नाही, प्रश्न हिशोबाचा आहे.

आणि तुमच्याच जिल्ह्यात महाड आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा, मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव १९२३चा, महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं १९२४ मध्ये, तरी १९२७च्या २० मार्चला बाबासाहेब आणि हजारो माणसं स्वतः तिथे जाऊन पाणी प्यायली तोपर्यंत तो ठराव कागदावरच होता, आणि प्यायल्यावर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, कोर्टात भांडण दहा वर्षं चाललं. हे सांगून तुम्हाला घाबरवत नाहीये. तक्रार दिल्यावर पहिले काही महिने गाव जास्त कडू होईल, त्याची तयारी ठेवा आणि घरातल्या बायकांशी आधी बोला, कारण पाणवठ्यावर आणि दुकानात त्यांनाच उभं राहावं लागणार आहे.

हेल्मेट नाही घातलं तर मरेन मी, सरकारला काय करायचंय? हे माझ्या स्वातंत्र्यावर आक्रमण नाही का? — पुणेकर

मिलने एक उदाहरण दिलंय. समोर पडका पूल आहे, माणूस त्यावर पाय ठेवतोय, सांगायला वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढा, यात त्याचं स्वातंत्र्य जात नाही कारण त्याला नदीत पडायचं नाहीये. पण धोका नुसता शक्यतेचा असेल तर त्याला सांगा आणि मग त्याचं त्याला ठरवू द्या. या हिशोबाने तुमचा मुद्दा बराच बरोबर निघतो, मी मान्य करते. तुमच्या मरणाने घरच्यांचं नुकसान होतं हे खरं असलं तरी त्याच न्यायाने उद्या कोणी तुमची तंबाखू, तुमचं तूप, तुमचा सिंहगड ट्रेक पण बंद करेल.

तरी मी हेल्मेट सक्तीच्या बाजूने आहे, आणि कारण असं की सक्ती माणसाचं काय घेते ते पण बघावं लागतं. ही सक्ती तुमचे दोन मिनिटं आणि थोडा घाम घेते. तुम्ही कोणावर प्रेम करावं, काय लिहावं, कोणत्या देवाला मानावं की मानूच नये, यातल्या कशालाही ती हात लावत नाही. माझा मावसभाऊ हेल्मेट घरी ठेवून कोपऱ्यावर दूध आणायला गेला होता. ते हेल्मेट अजून दारामागे खिळ्याला आहे, वहिनी दर दिवाळीला ते खाली काढते, ओल्या फडक्याने पुसते आणि परत तिथेच लावते. हा युक्तिवाद नाहीये हे मला कळतं, पण तुम्हाला उत्तर देताना ते खिळ्यावरचं हेल्मेट बाजूला ठेवता आलं नाही.

मंडळाची पोरं म्हणतात वर्षातून एकदा डीजे लावायचं आमचं स्वातंत्र्य आहे. आमच्या वडिलांना हार्टचा त्रास आहे. विरोध केला की धर्मविरोधी ठरवतात. (असं चौघांनी लिहिलंय.)

यात फार विचार करण्यासारखं काही नाही. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २०००च्या नियमांत आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सणासाठी सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं, आणि इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच म्हटलंय. नाचा, गुलाल उधळा, ढोल शिका. भिंतीला हात लावला तर थरथर जाणवते तिथे नुकसान सिद्ध करायला पुरावा शोधावा लागत नाही. एकट्याने जाऊ नका, बिल्डिंगमधले आठ-दहा जण मिळून विसर्जनाच्या आधीच मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोला, मिरवणूक दारात आल्यावर बोलून उपयोग नसतो.

तुमच्या असल्या उत्तरांनी मुली बिघडतात. व्यक्तिस्वातंत्र्य हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्याकडे समाज आधी. मासिकात असल्या प्रश्नांना जागा देऊ नये. — एक ज्येष्ठ वाचक

तुम्ही अंक सुरू झाल्यापासूनचे वाचक आहात म्हणून मनापासून उत्तर देते. मिलबद्दल तुमची तक्रार असेल तर माझी पण आहे. तो ३५ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी करत होता आणि हे स्वातंत्र्य ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही असं त्याने त्याच पुस्तकात लिहून ठेवलं, म्हणजे तुम्ही-आम्ही त्याच्या हिशोबात नव्हतोच. तो मोठा आहे म्हणून त्याचं हे झाकायची मला गरज वाटत नाही. पण म्हणून त्याने उचललेला प्रश्न परका ठरत नाही.

रखमाबाईंचं बघा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं, मोठी झाल्यावर त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत, नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, मग अपील, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की महिन्याभरात नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढच्या वर्षी २,००० रुपयांवर तडजोड झाली, मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य घालवलं. आता गंमत नाही, गंभीरपणे सांगते, बायकोला नांदायला पाठवायचा कोर्टाचा हुकूम ही चीज इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आलेली होती. पाश्चात्त्य होता तो हुकूम. नाही म्हणणारी आपली, मुंबईची होती.

आणि समाज आधी म्हणता, तर बाबासाहेबांनी १९४९च्या २५ नोव्हेंबरला घटना समितीत केलेलं भाषण आठवा. स्वातंत्र्य, समता, बंधुता यातलं एक दुसऱ्यापासून तोडता येत नाही, बंधुता नसेल तर बाकीच्या दोन्हींच्या राखणीला पोलीस लागेल, असं ते तेव्हा म्हणाले. त्याच भाषणात त्यांनी मिलचाच इशारा दिला की कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. समाज त्यांना पण हवाच होता, पण माणसाला वाळीत न टाकणारा.

राहिला प्रश्नांना जागा द्यायचा मुद्दा. १९३४ मध्ये संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, आणि तो मजकूर म्हणजे लैंगिक अडचणींबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. असंच एक प्रश्नोत्तरांचं सदर. त्यांची बाजू कोर्टात मांडली बाबासाहेबांनी. लोक प्रश्न विचारत असतील तर उत्तर द्यायला नको का, अशी त्यांची साधी बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, तो भरून त्यांनी मासिक चालूच ठेवलं, १९५३ मध्ये जाईपर्यंत. मी हे सदर लिहायला बसते तेव्हा ते माझ्या मनात असतं.

पुढच्या अंकासाठी नागपूरचं एक पत्र बाजूला ठेवलंय, सोसायटीने भाड्याने राहणाऱ्या पोरांच्या घरी रात्री ९ नंतर पाहुणे यायला बंदी केलीये त्याबद्दल. ज्येष्ठ वाचकहो, त्या सोसायटीच्या कमिटीत तुमच्या वयाची मंडळी आहेत, त्यांची बाजू तुम्ही लिहून पाठवलीत तर मी ती शब्दही न बदलता छापेन, १५ तारखेच्या आत पाठवा.